वीस तारखेच्या आतली माणसं

कायदा म्हणतो, हिशेबाचे कागद सहा वर्षं जपून ठेवा. सहा वर्षं झाली की आम्ही ते पोत्यात भरतो आणि रद्दीवाल्याला देऊन टाकतो. पण त्या कागदांबरोबर आलेल्या गोष्टींचं काय करायचं, ते कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही! त्यामुळं त्या साचत जातात. माझ्याकडं तर इतक्या साचल्यात, की चहाला कुणी भेटलं की एक तरी सांगितल्याशिवाय मला उठवत नाही.

मी धाराशिवला एका टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आमचे देशमाने सर ऑफिसात बसून लोकांची जीएसटीची रिटर्न भरतात आणि मी स्कूटी घेऊन दुकानं फिरते. मोबाईलवर बिलाचं ॲप टाकून द्यायचं, दुकानदाराला शिकवायचं, अडलं की परत जायचं. जिल्ह्यात माझं नाव फार थोड्यांना माहीत असेल. सगळे 'बिलवाल्या ताई' म्हणतात.

आमच्या बहुतेक लोकांची रिटर्नची शेवटची तारीख वीस. त्यामुळं पंधरा ते वीस अर्धा बाजार आमच्या ऑफिसातल्या बाकड्यावर येऊन बसलेला असतो. आणि आपल्याकडं माणूस नुसता बसत नाही, बोलतो!

• • •

उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ शिवप्पांचं किराणा दुकान आहे. वय साठीच्या पुढं, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. बिलाच्या ॲपमध्ये मालाची नावं टाकायला त्यांना बोटानं जमेना. एक अक्षर दाबायचे आणि चष्मा पुसायचे.

मी त्यांना माईकचं बटण दाखवलं. "अप्पा, टाईप करायचंच नाही. नुसतं बोला. ते आपलं आपण लिहितं."

शिवप्पा मोबाईलजवळ तोंड नेऊन म्हणाले, "साखर." पडद्यावर साखर आली! म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला. "ताई, म्या बोललेलं ऐकलं की वो ह्यानं! आमच्या घरातलं हे पहिलंच!"

मी खूश होऊन परत आले. आठ दिवसांनी फोन. "ताई, जरा येता का? दुकानात भांडण चाललंय."

झालं होतं असं. अप्पांनी एका दुपारी बसून दुकानातल्या सगळ्या मालाची नावं बोलून टाकली होती, आणि काय उमटलंय ते वाचून बघितलं नव्हतं. गावातल्या एका मास्तरांनी किराणा नेला. घरी जाऊन बिल वाचलं, तर साखर, तूरडाळ, आणि त्याच्या खाली स्पष्ट अक्षरात : 'भाजलेले शेंडगे दादा, दोन किलो.'

मास्तरांनी ते बिल गावाच्या ग्रुपवर टाकलं. आता गावात शेंडगे दादा नावाचे एक निवृत्त वायरमन खरोखरच आहेत! मी पोचले तेव्हा ते मोबाईल हातात धरून काउंटरपुढं उभे होते आणि अगदी गंभीरपणे विचारत होते, "शिवप्पा, म्या तर हितं उभा हाय. मग भाजलं कुणाला?"

• • •

तामलवाडीकडं दत्ता म्हणून एकाचं वह्या-पेनं आणि किराण्याचं छोटं दुकान आहे. अशा छोट्या दुकानदारांसाठी जीएसटीत एक सोपी योजना आहे. विक्रीवर थोडासा ठरलेला कर स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही. फक्त आपण त्या योजनेत आहोत हे बोर्डावर लिहायचं, आणि 'कर गोळा करण्यास पात्र नाही' ही आणखी एक ओळ बिलावर छापायची.

मी दोन्ही ओळी दत्ताला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. त्यानं त्या तशाच पेंटरकडं पाठवल्या. पेंटर कलाकार माणूस. त्याला पहिली ओळ रटाळ वाटली असावी. ती त्यानं खाली कोपऱ्यात बारीक काढली. दुसरी मात्र दुकानाच्या नावाखाली लालभडक, ठसठशीत, आणि शब्द वाचवून : 'कर गोळा करण्यास अपात्र व्यक्ती'.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच महिन्यात दत्ताची बायको ज्योती ग्रामपंचायतीला उभी होती! विरोधी पॅनलच्या लोकांनी बोर्डाचा फोटो काढला, 'अपात्र' या शब्दाला गोल केला आणि गावभर फिरवला.

दत्ताचा फोन आला. "ताई, पोरीचे दागिने मोडून उभं राहिलाव आमी. तुमच्या एका ओळीनं सगळं पाण्यात गेलं की वो!"

खरंच माझी चूक होती. कुठली ओळ कुठं, हे मी नीट सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पुसून घ्या. तर पेंटर सोलापूरला कामाला गेलेला. दुसरा कुणी निवडणुकीच्या भानगडीत हात घालायला तयार नाही. बोर्ड मतदानापर्यंत तसाच राहिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दत्ता पेढे घेऊन ऑफिसात. ज्योती निवडून आली होती!

"कसं काय हो?" मी विचारलं.

"काय सांगू ताई," दत्ता म्हणाला, "म्हातारी माणसं बोर्ड वाचून एकमेकाला सांगलालती, घरपट्टी-पाणीपट्टी गोळा करणार न्हाई असं ह्या एकट्यानंच लेखी दिलंय!"

• • •

भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. त्यातली एक सोजरबाईंची. नवरा गेल्यावर भट्टी त्यांनीच चालवली, वाढवली. मोठ्या कढईतला खवा घोटताना त्यांचा हात बघावा, यंत्र मागं पडेल.

एकदा त्यांना नोटीस आली. खोकी, पिशव्या, डीप फ्रीजर अशा खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांनी घेतली होती, त्याची बिलं दाखवा म्हणून. बिलं नसतील तर वजावट रद्द, वर व्याज. मी म्हटलं, मावशी, काळजी करू नका, बिलं घेऊन या.

सोजरबाई पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि मी डोक्याला हात लावला. सगळी बिलं काळी कुळकुळीत! आजकाल मशीनमधून निघणाऱ्या बिलाचा कागद उष्णतेनं काळा पडतो, आणि बाईंनी डबा जपून ठेवला होता कुठं? तर भट्टीच्या वरच्या फळीवर. उंदीर तिथं येत नाहीत म्हणून!

सोजरबाई बाकड्यावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ताई, म्या चोरी केली असं मनतील का वो?" एवढंच विचारलं.

सर म्हणाले, विकणाऱ्यांनी आपापली बिलं पोर्टलवर चढवलेली असतात, ती काढा, म्हणजे कुणाकुणाकडून दुसरी प्रत मागवायची ते कळेल. मी यादी काढून वाचायला लागणार, तेवढ्यात सोजरबाईंनी डब्यातला एक काळा कागद उचलला.

"हे खोक्याचं. कोपरा फाटलाय बगा. दोन गठ्ठे. गुरुवार हुता, लाईट न्हवती."

पोर्टलवर दोन गठ्ठे. वारही तोच!

दुसरा कागद. "हे पिशव्याचं. ह्याला तेल लागलंय. पाच किलो."

पाच किलो! असं एकेक करत बाई बोलत गेल्या आणि मी खुणा करत गेले. सर आपलं काम सोडून खुर्ची वळवून ऐकायला लागले. एका ठिकाणी मात्र जुळेना. बाई म्हणाल्या तीन गठ्ठे, पोर्टल म्हणालं चार.

मी म्हटलं, "मावशी, एवढ्यातलं एखादं चुकायचंच."

सोजरबाईंना राग आला. "माझं दूध नासंल, ध्यान नासायचं न्हाई! तीनच हुते. लावा त्याला फोन."

फोन लावला. दुकानदारानं वही काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "ताई, तीनच आहेत. आमच्याकडून टाकताना चुकलं."

बिलांच्या प्रती आल्या, ते एक बिल दुरुस्त झालं, नोटीस मिटली. बाई गेल्यावर सर मला म्हणाले, "ॲपचं राहू द्या ताई. त्या बाईंचाच बॅकअप कुठं घेता येतो का बघा!"

• • •

तुळजापूरच्या एका दुकानदाराला पुण्याच्या गिऱ्हाइकानं कवड्यांच्या माळांचं पक्कं बिल मागितलं. घाऊक माल होता. बिलावर प्रत्येक वस्तूचा सरकारी कोड टाकावा लागतो. दुकानदारानं फोन केला, "ताई, कवडीचा कोड काय?"

मला काय माहीत! सरांना विचारलं. सरांनी सरकारी यादी उघडली. कवडी म्हणजे शिंपला का? शिंपला म्हणावं तर तो कच्चा माल झाला. माळ म्हणजे दागिना का? का पूजेचं साहित्य? सरांनी दोन मित्रांना फोन केले. एकानं तिसऱ्याचा नंबर दिला. दुपारी तीन वाजता सुरू झालेली चर्चा ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी चाललेली.

शेवटी एकदाचा कोड ठरला. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "आणि म्हणे कवडीमोल!"

• • •

बाबूराव बँडवाले वाशी तालुक्यातले. मिरवणुकीच्या कमिट्या पक्कं बिल मागतात म्हणून त्यांनी जीएसटी नंबर घेतलेला. लग्नसराईत कमाई, आणि गणपती-नवरात्र सोडलं तर चातुर्मासात सगळा कारभार बंद. ज्या महिन्यात काहीच धंदा नसतो त्या महिन्याचं रिटर्न नुसत्या एका मेसेजवर जातं. 'काही नाही' एवढंच कळवायचं. मी त्यांना ते शिकवलं, त्यांनी मन लावून शिकून घेतलं.

तरीही अशा दर महिन्याला बाबूराव एसटीनं ऑफिसात हजर! मेसेज घरूनच केलेला. तो पोचला का, ते विचारायला यायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, अहो एवढं भाडं घालून कशाला येता? पोचल्याचा मेसेज येतो की मोबाईलवर."

बाबूराव म्हणाले, "ताई, वाजवलेलं लोकांना लांबून पन ऐकू येतंय. न वाजवल्याचं सांगायचं, तर ते तोंडानंच सांगावं मानसानं."

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

हेच बाबूराव एकदा एकवीस तारखेला आले होते. आदल्या दिवसापर्यंत आम्ही सगळ्यांची रिटर्न वेळेत भरली होती. सर पाय लांब करून निवांत बसलेले. एवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सरांनी मेसेज वाचला, पाय आखडून घेतले. पुन्हा वाचला.

"काय झालं सर?"

"राहिलं एक."

"कुणाचं?"

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. ते स्वतःच्या ऑफिसचं भरायचं विसरले होते! उशिराबद्दल दंड लागणार होता.

बाबूराव बाकड्यावरनं उठले, सरांच्या टेबलाजवळ आले आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "सर, मनाला लावून घिऊ नका. एखादा चांगला सल्लागार धरा."

• • •

ईट गावात भगवान आण्णांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पत्रे, नळाचं सामान. पूर्वी आण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ महादेव दोघं मिळून चालवायचे. जीएसटी आला तेव्हा स्मार्टफोन एकट्या महादेवकडं होता, म्हणून नोंदणीला त्याचा नंबर दिला गेला. तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही.

पुढं दोघांचं बिनसलं. गोडाऊनच्या चावीवरून. महादेव म्हणायचा, मला एक वेगळी चावी करून द्या. आण्णा म्हणायचे, एका गोडाऊनला एकच चावी. शब्दाला शब्द लागला, आणि महादेव बायको-मुलांना घेऊन कळंबला गेला, तिथं टाईल्सचं दुकान टाकलं. दुकानाची वाटणी झाली, कागद झाले. दोघांचं बोलणं पूर्ण बंद.

पण आण्णांच्या रिटर्नचा ओटीपी कळंबला महादेवच्या मोबाईलवर जायचा!

पहिल्या महिन्यात मी आण्णांच्या दुकानात बसून महादेवला फोन केला. त्यानं मुकाट्यानं आकडे सांगितले. दुसऱ्या महिन्यात मात्र म्हणाला, "तुमाला न्हाई सांगणार ताई. ओटीपी कुणाला सांगू नका असं त्या मेसेजातच लिवलंय. ज्याचा हाय, त्यानं मागावा."

मी आण्णांना निरोप सांगितला. आण्णा तराजूतल्या खिळ्यांतून वाकडे खिळे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नंबरच बदलून टाका."

"बदलते आण्णा. पण त्यालाही आधी जुन्या नंबरवर ओटीपी जातो."

आण्णांनी निवडलेले वाकडे खिळे परत चांगल्या खिळ्यांत टाकले. वीस तारीख होती. आतल्या दारात कमलवहिनी, आण्णांच्या घरच्या, येऊन उभ्या राहिल्या. आण्णांकडं बघत राहिल्या.

आण्णांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला. पलीकडनं 'हॅलो' आलं.

"सांग," आण्णा म्हणाले.

"चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ."

आण्णांनी फोन ठेवला. रिटर्न गेलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. "सांग." सहा आकडे. फोन बंद. चार महिने असंच चाललं. मध्ये एकदा मी म्हटलं, "आण्णा, ओटीपी येतोच आहे, तर त्यातच नंबर बदलून घेऊ का?"

"पुढच्या महिन्यात बघू," आण्णा म्हणाले.

पाचव्या महिन्यात महादेवला आकडे सांगताना खोकल्याची उबळ आली. आकडे संपले तरी आण्णांनी फोन ठेवला नाही. विचारलं, "औषध घेतलास का?"

"घेतलंय."

फोन बंद. त्या दिवशी कमलवहिनींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर नंबर बदलायचं मी दर महिन्याला विचारायची आणि आण्णा दर महिन्याला "पुढच्या महिन्यात" म्हणायचे. महादेव आकडे सावकाश सांगायला लागला. आण्णांना चौथा आकडा ऐकू येईनासा झाला, परत विचारायला लागायचा. एका महिन्यात पावसाची चौकशी झाली, एकात टाईल्स खपतात का याची.

परवाच्या वीस तारखेला मी नेहमीप्रमाणे ओटीपी मागवला. आण्णा म्हणाले, "सांग." महादेवनं तीन आकडे सांगितले आणि थांबला.

"आण्णा."

"हं."

"सोनीला बघायला येलालेत. बार्शीचे हायेत. रविवारी."

सोनी म्हणजे महादेवची थोरली मुलगी. ईटला होती तेव्हा आण्णांच्या काउंटरवर बसून अभ्यास करायची. आण्णा स्टुलावर बसले. "पोरगा काय करतो?" मग पोराचं शिक्षण निघालं. मग त्याच्या मामाचं गाव निघालं. आण्णा म्हणाले, त्या मामाला म्या वळखतो, मानूस सरळ हाय. मग रविवारी किती माणसं येणार, जेवण करायचं का नुसतं पोह्यावर भागवायचं, इथपर्यंत गाडी गेली. कमलवहिनी आतून येऊन आण्णांच्या अगदी शेजारी फोनला कान लावून उभ्या, आणि मधेच म्हणाल्या, "पोह्यावर न्हाई मनावं, मी येती सैपाकाला!"

ओटीपी दहा मिनिटं चालतो. मी आण्णांना हातानं खुणा केल्या. घड्याळ दाखवलं. तीन बोटं वर केली, तीन आकडे राहिलेत म्हणून. आण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी मी म्हटलं, "आण्णा, ओटीपी संपला की!"

आण्णांनी फोन कानाचा काढला नाही. तळहातानं खालची बाजू झाकली आणि माझ्यावर जरा चिडूनच म्हणाले, "मग मागवा की दुसरा! त्याला काय पैसे पडत्यात?"